नसांची विश्रांती

डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन धरमसिंग विहिरीवरून आला, तेव्हा तांड्याचा नायक रूपसिंग बाजेवर बसून त्याचीच वाट पाहत होता.

"काय गा धरम, आता घागरा तेवढा नेसाचा राह्यला."

"बायको बिमार हाय, नायक. तिले न्यूरॅस्थेनिया झाला."

नायकाची बिडी विझली. अठ्ठावन्न सालापर्यंत तांड्यात ताप आला होता, पटकी आली होती. एवढ्या लांब नावाचा रोग पहिल्यांदाच आला होता.

"म्हंजे काय?"

"नसा थकतेत."

नेरच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं आणि धरमसिंगला ते लगेच पटलं होतं. थकलेला बैल त्याला कळत असे: जू काढायचं, सावलीत बांधायचा, कुणी छेडायचं नाही. त्यानं जमनाबाईचं जातं बंद केलं, सुईदोरा उचलून ठेवला, पाणी स्वतः भरू लागला.

"रडू देऊ नका," असंही डॉक्टर म्हणाले होते. त्याचा त्रास नव्हता. पोळ्यानंतर लेक, लाली, बाळंतपणात सासरीच वारली. आई पोचली तेव्हा चिता विझली होती. तेव्हापासून जमनाबाई रडली नव्हती, बोललीही नव्हती. गळ्यात पडून, सुरात, गेलेल्याचं नाव घेत रडायची तांड्यातल्या बायांची रीत. त्यासाठी बाया आल्या, तर धरमसिंगनं औषधाची बाटली दाखवून त्यांना दारातूनच परतवून लावलं.

आज फुलसावंगीहून तिची धाकटी बहीण सुखीबाई आली. धरमसिंग बाटली घेऊन दारात आडवा आला.

"भेट, पन रडू नोको. नसा थकल्या हायेत तिच्या."

"कायनं थकल्या, दाजी?"

"मले का मालूम."

"जातं काढलं, हंडा काढला. पोरगी कोनं उतरवली तिच्या डोक्शावरून?"

धरमसिंगनं हातातली बाटली कोनाड्यात ठेवली, हंडा रिकामा करून उचलला आणि पुन्हा विहिरीकडे गेला.

परतला तेव्हा आतून दोन आवाज येत होते. एक सुखीबाईचा. दुसरा घोगरा, गंजलेला, लालीचं नाव घेऊन चढणारा आणि मधेच तुटणारा.

नायक बाजेवरून उठून उभा होता. हळूच म्हणाला, "धरम, हंडा तं उतरव."

उतरवला असता तर आवाज झाला असता. हंड्याच्या काठावरून पाणी मानेवर ओघळत होतं, आणि धरमसिंग दाराबाहेर तसाच उभा होता.