अंगठीकडे वळलेला काटा

टक्, टक्. उड्डाणाआधी वैमानिक हेरंब माझ्या काचेवर नखाने वाजवायचा. तो आवाज अजून कानात आहे. मी लष्करी विमानातलं होकायंत्र. विमानाचं तोंड या क्षणी कुठे आहे ते ढगातही दाखवायचं, एवढंच माझं काम.

एकदा काटा अडखळू लागला म्हणून मला लालबागच्या एका कारखान्यात दुरुस्तीला पाठवलं. बाहेर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालत, आत सीताराम हळुवार हाताने मला पुसत असे. माझ्याजवळ लोखंड आणायचं नाही, असा नियम होता. किल्ल्या, चाकू तो दाराशीच ठेवायचा.

बोटातली अंगठी मात्र राहिली. त्या मोर्च्यांवर गोळीबार झाला त्या आठवड्यात त्याची आई सुभद्रा हिने ती घातली होती. काळ्या घोड्याच्या नालेची, शनीची पीडा टळावी म्हणून. "तुका आवशीची शपथ आसा, काढू नको हां." पुढे ती बोटात आहे हेच तो विसरला.

त्याने मला फिरवून फिरवून दिशा जुळवल्या. अंगठीचं लोखंड जवळ आलं की मी तिच्याकडे झुकायचो. तो झुकाव धरूनच त्याने मला बरोबर ठरवलं.

मला परत विमानात बसवलं. ढगांत हेरंबने माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी त्याला समुद्रावर नेलं. परतताना पेट्रोल संपलं, विमान खाडीच्या चिखलात आदळलं. हेरंब वाचला, पाय गेला. मला दुसरं काही येत नाही, असं त्याला सांगावंसं वाटतं. पण ती सबब झाली.

मला पुन्हा त्याच टेबलावर आणलं. सीताराम चूक शोधून थकला. त्याने जुळवलेली आणखी होकायंत्रं विमानांत होती, आणि कारण कळल्याशिवाय ती विमानं कुणी थांबवणार नव्हतं.

दुपारी सुभद्रा डबा घेऊन आली. मुकादम नाना म्हणाले, "वहिनी, डबा बाहेरच. कडी लोखंडाची आहे."

"तुमचा ह्या यंत्र माझ्या कालवणाक भियाता?"

सीताराम हसला. डबा दाराबाहेरच ठेवून तो टेबलाशी परतला, तेव्हा त्याचा रिकामा हात माझ्यावरून गेला. मी वळलो.

"सीताराम, तो हात पुन्हा आण," नाना म्हणाले.

त्याने आणला. मी पुन्हा वळलो.

"अंगठी," नाना पुटपुटले आणि विमानं थांबवायला फोनकडे धावले.

सीताराम अंगठी ओढत राहिला, निघेना. "आई, त्या वैमानिकाचा पाय..." एवढंच तो बोलला.

सुभद्राने त्याचं बोट धरलं, पिळून अंगठी काढली आणि माझ्यासमोर धरली. वळू नये असं फार वाटलं. वळलो.

तिने ते नीट पाहिलं. मग लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि अंगठी मुठीत घेऊन निघून गेली.