अठ्ठेचाळीस तासांनंतर

“जिवंत लिहा, कौसल्याताई.”

“ही? ही जिवंत?” कौसल्येने ब्रशचं टोक पुन्हा मधमाशीला लावलं. आक्रसून पिंजऱ्याच्या तळाशी पडलेल्या माशीचा एक पाय थरथरला. “बाकीच्या एकोणतीसही अशाच पडल्यात, सरजी.”

“ब्रश लावला, हलली. म्हणजे जिवंत. नियम आहे,” समीर म्हणाला. तो आमचा प्रमुख शास्त्रज्ञ, पुण्याहून आलेला, माझ्या मुलाच्या वयाचा.

पोलोग्राउंड भागातल्या आमच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं एका नव्या कीटकनाशकाचा शोध चालला होता. कीटकाच्या स्नायूत कॅल्शियमची दारं असतात. हे औषध ती उघडीच ठेवतं. स्नायू आखडतो, मग सुटत नाही. सोयाबीनवरची अळी पान खायची थांबते आणि दोन-तीन दिवसांत मरते. त्या हजारो अळ्या कौसल्येनेच वाढवल्या होत्या. औषध पहिल्यांदा लागू पडलं तेव्हा जिलेबीही तिनेच वाटली होती. आता ते मधमाशांना सुरक्षित ठरलं की पुढची परवानगी मागायची होती. तीस माशांना औषध द्यायचं, अठ्ठेचाळीस तासांनी मोजणी. रकाने दोनच, जिवंत आणि मृत.

“उडत नाही, खात नाही. काय खाक जिवंत? महूच्या छावणीत आमच्या बाबांच्या पलटणीत स्ट्रेचरवरच्याला परेडला हजर नव्हते लिहीत.”

“फॉर्ममध्ये उडण्याचा रकाना नाही, ताई.”

तिने चिमट्याने माशी उचलली आणि त्याच्या लॅपटॉपवर ठेवली. “उडवून दाखवा. लगेच लिहिते.”

समीरचे कान लाल झाले. “तुम्ही सही करूच नका. रामभाऊकाका, तुम्ही करा. नियम तुम्हाला पाठ आहेत.”

होते. नोंदी तपासण्यातच माझी एकतीस वर्षं गेली. तो चुकतोय हे मला दिसत होतं. नियमावर बोट ठेवून ते दाखवता येत नव्हतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. मला संताप आला होता. कोणाचा, ते मला अजून नीट सांगता येत नाही. जिवंत तीस, मृत शून्य. मी सही केली.

“वा, रामभाऊ,” कौसल्या म्हणाली. “इतकी किताबं वाचता तुम्ही. क्या मिला?”

समीर रजिस्टर घेऊन गेला. मोजणी बाराला संपली होती. कौसल्येने मात्र लॅपटॉपवरची माशी परत पिंजऱ्यात ठेवली आणि स्टूल ओढून तिथेच बसली. जेवायलाही उठली नाही. दर दहा मिनिटांनी एकेका माशीला ब्रश लावायची, घड्याळ बघायची, लिहायची. मी दोनदा दारातून डोकावलो. आत जायचा धीर झाला नाही.

साडेपाचला ती माझ्या टेबलाशी आली, एक कागद ठेवला आणि निघून गेली.

बारा चाळीस: पहिली मृत. बारा पन्नास: आणखी चार. अशी खाली खाली नोंद. पाच दहा: तिसावी. शेवटी तिची सही, ठसठशीत. तिच्या शेजारी ‘साक्षीदार’ असं लिहून तिने पट्टीने एक रेघ आखली होती. रेघेवर काही नव्हतं.