एक रेघ वर

"ओ आजोबा, उतरा खाली!" पहारेकरी ओरडला तेव्हा बाबा चौथऱ्यावर चढून संगीतकाराच्या पुतळ्याच्या दगडी बुटाला धरून उभे होते.

सकाळचे सात वाजले असतील. धुकं इतकं दाट होतं की संगीतकार कमरेच्या वर नव्हताच. नुसते पाय, कोटाची दोन टोकं, पायांशी तिरपी ठेवलेली एक शिळा आणि माझे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा. बाकी चौक कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं.

"अहो, वयस्कर आहेत, ओरडू नका," मी धावत जाऊन म्हटलं.

"वयस्कर आहेत म्हणूनच ओरडतोय, ताई. पडले तर मला निस्तरावं लागेल."

बाबांनी दोघांकडेही लक्ष दिलं नाही. ते शिळेवरून हात फिरवत होते, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा.

बाबा दगडावर अक्षरं कोरायचे. दुकानांच्या पाट्या, पुलांच्या तारखा, गेलेल्या माणसांची नावं. एखादा काना वाकडा गेला तर दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नसायचं. ही शिळाही त्यांनीच कोरलेली. पाच आडव्या रेघा आणि त्यांच्यावर काळी टिंबं, म्हणजे त्या संगीतकाराच्या सगळ्यात प्रसिद्ध चालीची एक ओळ; टिंब जितकं वर, सूर तितका उंच.

गेल्या आठवड्यात पेपरात बातमी आली. कुण्या प्राध्यापकांनी ती ओळ वाचली आणि त्यांच्या पोटात दुखायला लागलं. एक सूर चुकलाय म्हणे. चाळीस वर्षं कुणाच्या बापाला कळलं नव्हतं. माझ्या बापाला सोडून.

सोमवारी ही शिळा काढून नवी बसवणार होते. आज रविवार.

बाबांनी बातमी वाचली, पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "मला एकदा तिथं ने." मी बघतच राहिले. आमच्या घरापासून बाजार या चौकातून सरळ पाच मिनिटांवर. पण आम्ही जन्मभर मागच्या गल्लीनं वळसा घालून गेलो. "इकडून सावली असते," आई म्हणायची. भर थंडीतसुद्धा म्हणायची. आईला जाऊन दोन वर्षं झाली तरी मी त्याच गल्लीनं जाते.

काल दुपारी, चहा गार होईपर्यंत, बाबांनी सगळं सांगितलं.

"पुतळ्याचं काम देणाऱ्या साहेबानं दिलेल्या कागदावर माझ्याच हातून चहा सांडला गं. नेमकं एक टिंब विरघळलं. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. साहेबाकडे दुसरा कागद मागायची छाती नाही, पहिलंच मोठं काम. तुझी आई इस्त्री करत होती. म्हणाली, ही चाल येते मला, शाळेत म्हणायचो आम्ही. म्हणून दाखवली. मी विचारलं, इथं आवाज वर जातो की खाली? म्हणाली, वर. मग कोरलं टिंब, एक रेघ वर."

"आणि?"

"आणि काय! उद्घाटनाला बँड वाजला. सगळ्या गावासमोर सूर गेला खाली. तुझ्या आईनं माझा हात असा धरला की नखं रुतली. घरी आल्यावर मला हसू फुटलं, तीही हसली." बाबांनी गार चहाचा कप बाजूला सारला. "पण त्यानंतर ती गायली नाही. मी म्हणायला हवं होतं, तू म्हण गं. पण म्हणालोच नाही."

मी अडतीस वर्षांची आहे. आईला गाताना मी एकदाही ऐकलेलं नाही. मला वाटायचं, तिला गाण्याची आवडच नसेल.

आता धुक्यात बाबांनी पिशवीतून पातळ कागद काढला, शिळेवर पसरला आणि जाड पेन्सिल आडवी धरून घासायला लागले.

"अहो, रंगवताय काय?" पहारेकरी जवळ आला. मिशाळ, पोट सुटलेला माणूस.

"छाप घेतायत," मी म्हटलं. "ही शिळा त्यांनीच कोरलीय."

"म्हणजे ती पेपरातली चूक तुमची होय?"

मी तोंड उघडणार होते. बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"माझीच," ते म्हणाले. आईचं नाव त्यांनी घेतलं नाही.

पहारेकऱ्यानं टोपी मागे सरकवली. "चूक कसली हो! पलीकडच्या शाळेतली पोरं पायरीवर बसून दगड बघत बघत म्हणतात. बावीस वर्षं ऐकतोय मी. भाजीवाली तसंच म्हणते, पोस्टमन तसंच म्हणतो. आम्हाला दुसरं येतच नाही."

आणि त्यानं शीळ घातली.

सूर चार पावलं सरळ चालला, जरा थांबला आणि वर गेला. उंच फळीवरचा डबा घ्यायला टाचा उचलाव्यात, तेवढाच. बाबांचा हात कागदावर थांबला.

"अश्शीच," ते म्हणाले. "अश्शीच म्हणाली होती."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. आईचा आवाज मला पहिल्यांदा भेटत होता, तोही असल्या झुपकेदार मिशांतून.

"पुन्हा वाजवाल का?" बाबांनी विचारलं.

त्यानं तीनदा वाजवली. धुकं तेवढ्यापुरतं थांबल्यासारखं वाटलं. कागदावर राखाडी रंगातून पाच रेघा उमटल्या, मग टिंबं, आणि त्यांतलं एक, जिथं नसायला हवं तिथं.

बाबांना आम्ही दोघांनी धरून उतरवलं. त्यांनी कागदाची सुरळी केली आणि कोटाच्या आत ठेवली. वर संगीतकाराची हनुवटी दिसू लागली होती. बाबांनी तिकडे पाहिलं नाही.

घरी निघताना सवयीनं मी मागच्या गल्लीकडे वळले.

"तिकडं कुठं?"

"इकडून सावली असते," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कधीच नव्हती गं," बाबा म्हणाले. "सरळ चल."

आम्ही सरळ निघालो. ते पुढं, मी मागं. चौकाच्या मधोमध बाबांनी आपल्या फुटक्या आवाजात ती ओळ म्हणायला घेतली. जिथं वर जायचं, तिथं त्यांचा आवाज पोचला नाही. तेव्हा त्यांनी हात उचलला, एक रेघभर, आणि चालत राहिले.