राहिलेली लांबी

टेलरचं लग्न ठरलं. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण या घडीला त्याचे होणारे सासरे झाडावर आहेत, आणि झाड त्यांना फार वेळ ठेवून घेईल असं दिसत नाही.

सासरे शाळेत कवायत शिकवतात. त्यांना जावई वाघाच्या काळजाचा हवा होता; लेकीनं आणला टेलर. "जंगलात चालवून बघतो. टिकला तर लग्न," असं म्हणून मास्तर दोघांना अभयारण्यात घेऊन आले, आणि फाटकापासून त्याचं माप काढत राहिले.

"टेलरसाहेब, हा दंड आहे की दोरा?"

"बाबा, पुरे!" लेक म्हणायची. टेलर नुसता हसायचा आणि गळ्यातली टेप कुरवाळायचा. सकाळच्या घाईत ती दुकानातून गळ्यातच आली होती.

वळणावर गवा उभा होता. कपाटाएवढा, काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. मास्तर ओरडले, "सावधान!" गवा सावध झाला. मास्तर झाडावर गेले.

लेक टेलरच्या पाठीमागे लपली. टेलरची बोबडी वळली, आणि वळलेल्या बोबडीतून रोजचंच बाहेर पडलं: "या साहेब. अंग सैल सोडा. श्वास रोखू नका."

गव्यानं फुस्सकन श्वास सोडला. टेप उडून टेलरच्या नाकावर आली.

"अरे, काय करतोयस?" लेक कुजबुजली.

"छाती बघतोय. एका टेपात नाही बसत गं." मग गव्याला, "आता जरा मागं वळा."

गवा वळला. वळला तो चालताच झाला.

"गेला का?" झाडानं विचारलं.

"गेला," टेलर हळहळला, "पण लांबी राहिली."

मास्तर उतरले; निम्मी पँट फांदीवरच राहिली. टेलरनं कॉलरमागची सुई काढून उभ्याउभ्याच टाके घालायला घेतले. सुई अशा जागी होती, की तिथं माणूस वाद घालत नाही.

"हलू नका हं, बाबा."

"बाबा?" मास्तर गुरगुरले. मग त्यांनी सुईचा विचार केला. "बरं, म्हण. पण झाडाचं कुठं बोलायचं नाही."

लेक हसून हसून पायवाटेवरच बसली.

टेलर झाडाबद्दल अवाक्षर बोलला नाही. वनखात्याला त्यानं एवढंच लिहिलं: 'आमचे लग्न सदर गव्यामुळे ठरल्याने त्यास कोट शिवणे भाग आहे. कापड बेतून तयार असून फक्त लांबी बाकी आहे. तरी त्यास लग्नाआधी एकदा ट्रायलसाठी दुकानी पाठवावे, ही नम्र विनंती. सोबत कळप आणू नये. दुकान लहान आहे.'