दारातली खाट

नांदेडहून माझ्या कोर्सच्या मॅडम तपासणीला यायच्या होत्या. म्हणून डॉक्टरांनी मी दारात मांडलेल्या खाटेवर परीटघडीची चादर घातली आणि हुकूम सोडला, आज हिच्यावर पेशंट घ्यायचा नाही.

आमच्या दवाखान्यात अमृतराव कारकून खिडकीत बसून केसपेपर काढतात. पेपर नाही तर पेशंटला हात नाही, हा इथला जुना कायदा. मागच्या पोळ्याला पेपरसाठी थांबलेली भागूबाई त्याच खिडकीसमोर मेली. अमृतराव चहाला गेले होते.

मी तातडीच्या उपचारांचा कोर्स करत होते. त्यात प्रत्येक नर्सला आपल्या दवाखान्यात एक बदल करून दाखवावा लागतो. माझा बदल एवढाच: दारात खाट, बाजूला ऑक्सिजन, सुया, औषधं, साबणाचं पाणी. माणूस आधी खाटेवर, नाव मागून. डॉक्टरांचं मात्र ठरलं होतं, तपासणी झाली की खाट कोठीत.

मॅडम भिंतीवरचा तक्ता वाचत होत्या, तेवढ्यात डोंगरकडा गावाकडून ट्रक आला. ट्रकमधल्या मसाजीनं कपाशीवर किडीचं औषध फवारलं होतं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या, छातीत घरघर. संगं बायको कौशल्याबाई आणि चुलता सोनाजी.

"पेपर काढा आधी," अमृतराव म्हणाले.

"पेपर ऱ्हाऊ द्या. याचे पाय धरा," मी म्हणाले.

मसाजीला त्या चादरीवर टाकलं, कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. थंडी वाजू नये म्हणून घरच्यांनी फवारणीच्या ओल्या कपड्यांवरूनच घोंगडी आवळली होती. विष अंगाला बांधून आणलं होतं. मी सदरा कापला, धोतराला हात घातला, तसा सोनाजी आडवा आला.

"बाईमाणसानं? आडनाव काय तुमचं, बाई?"

हा सवाल मला लहानपणापासून पाठ आहे.

"खिल्लारे. बौद्ध. अजून काय इचारता? तुमचा पुतण्या मरून राहिला."

कौशल्याबाईनं चुलतसासऱ्याला खांद्यानं बाजूला केलं. "सरका मामाजी. काढा बाई तुमी, मी पानी टाकते."

विषावरच्या उताऱ्याची सुई भरून मी डॉक्टरांपुढं धरली. ते मॅडमकडं पाहत होते.

"तिकडं काहून पाहता? ॲट्रोपिन भरलंय. देऊ?"

"द्या," ते म्हणाले.

मॅडमनी पदर खोचला आणि टॉर्च घेऊन बाहुल्या पाहायला वाकल्या. चौथ्या सुईला छाती मोकळी झाली. मसाजीनं डोळे उघडले, अंगावर फक्त टॉवेल पाहिला आणि बायकोला म्हणाला, "माझं धोतर कुठंय?"

"जाळायला दिलं," कौशल्याबाई म्हणाली. "गप पडा."

मॅडमनी हात धुतले. "तुमच्या बदलाचा अहवाल?"

"अर्धा लिहिलाय. बाकीचा आता लिहीन."

"लिहा. वेळा बराबर टाका."

मग मी डॉक्टरांकडं वळले. "साहेब, ही खाट इथून हलणार नाही."

विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. डॉक्टरांनी खाटेच्या वरच्या दिव्याकडं पाहिलं.

"मग तो दिवा बदलून घ्या," ते म्हणाले. "उजेड कमी पडतो."