खिडकी उघडली आणि माझा सूर गेला

एखाद्या कोपऱ्यात लाकडी चौकटीत बसवलेला काळा पत्रा, त्यावर चाळीसेक गोल बटणं आणि पुढे लोंबणारं रंगीत वायरींचं जंजाळ दिसलं, तर मित्रांनो, ते भंगार आहे असं एकदम म्हणू नका. तो मी असेन. मी सिंथेसायझर आहे, विजेतून सूर काढणारं जुनं वाद्य. वय वर्षं बेचाळीस. मी कुठल्याही कारखान्यात जन्मलो नाही. हे मी कुणी विचारण्याआधीच सांगून टाकतो, कारण त्याचा मला गर्व आहे.

मला गुंडुला ओस्टरकाम्पने घडवलं, वुपर्टाल या जर्मन शहरात, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनी तपासायची. तिथून मोडीत निघालेल्या वायरी आणि पिना ती साहेबांना विचारून घरी आणायची. कामावरून आली की बटाटे उकडायला ठेवायचे आणि ते शिजेपर्यंत माझे दोन-चार सांधे सोल्डर करायचे, असं दोन हिवाळे चाललं. पाणी आटून बटाटे कित्येकदा पातेल्याला लागले, पण माझा एकही सांधा कच्चा राहिला नाही.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी कुत्र्यासारखा केकाटलो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. दुपारी एक ते तीन इथे कुणी आवाज करत नाही. गुंडुलाने घड्याळाकडे पाहिलं, हाताची घडी घालून तीन वाजेपर्यंत बसली आणि तीनच्या ठोक्याला मला पुन्हा चालू केलं. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई माघार घेणारी नाही!

माझ्यात एक खोड आहे, ती लपवत नाही. माझ्या पोटात सूर काढणारे तीन भाग आहेत आणि तिघेही थंडीचे वैरी. गार वारा लागला की एक वर चढतो, दुसरा खाली घसरतो, तिसरा कुठे जाईल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून मला तासभर आधी चालू ठेवून ऊब येऊ द्यायची आणि मग तिघांना जुळवायचं. तुमच्याकडे तंबोरा लावतात तसंच. दोन सूर जवळ आले की आवाज हेलकावे खातो. जितके जवळ, तितके हेलकावे संथ. हेलकावे थांबले की सूर जुळले.

पुढची वर्षं मी मजेत काढली. शाळेच्या नाटकात वादळ झालो, चर्चच्या सभागृहात गंभीर होऊन वाजलो. गावच्या वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. त्यात मी मोठा होतो आणि गुंडुला कोपऱ्यात अर्धीच आली होती, तरी तिने तो फ्रिजवर चिकटवला.

मग बाजारात हलके, चपटे कीबोर्ड आले. त्यांना ना ऊब लागे, ना सूर लावावा लागे. मला बोलावणं येईना. गुंडुलाचं घर बदललं, नवं घर लहान होतं, आणि मी तळघरात मुरंब्याच्या बरण्यांशेजारी गेलो. चौदा वर्षं, मित्रांनो! खूप रडावंसं वाटायचं. पण वीजच नाही, तर मी रडणार कशाने?

गुंडुला निवृत्त झाली आणि तिला विजेची वाद्यं वाजवणारं एक हौशी मंडळ सापडलं. फिती विणायच्या जुन्या गिरणीच्या तळमजल्यावर यांचा स्टुडिओ. दर गुरुवारी जमायचं, कॉफी प्यायची, थोडं वाजवायचं आणि पुष्कळ भांडायचं.

"भिंतीतल्या प्लगची वायर बदलली की आवाजात गोडवा येतो," ऊवे एकदा म्हणाला. हा बसचालक, पगार झाला की नवं काहीतरी घेऊन येणारा.

"तुझ्या बायकोला कळला का तो गोडवा?" झिल्केने विचारलं. ही दवाखान्यात नर्स, जीभ सुईसारखी.

"तिला वायर घेतली हेच अजून कळलेलं नाही."

अशी ही माणसं. गुंडुलाने मला उचलून इथे आणलं आणि मी वापरात राहावं म्हणून रीतसर कागद करून मंडळाला देऊन टाकलं. तेच पुढे अंगाशी आलं.

गेल्या फेब्रुवारीत एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयाचं पत्र आलं. त्यांना मी हवा होतो. काचेच्या कपाटात ठेवणार, खाली पितळी पाटी लावणार. एकच अट होती, मला पुन्हा कधीही वीज जोडायची नाही. मंडळाचा अध्यक्ष एकहार्ट हरखून गेला. माणूस वाईट नाही, पण जमिनीचं मोजमाप करण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे एक मिलिमीटर इकडेतिकडे झालेलं त्याला सोसत नाही. माझं घसरणं त्याला कायमचं खुपायचं. वार्षिक सभेत मतं घ्यायची ठरली. गुंडुला एवढंच म्हणाली, "मत द्यायच्या आधी याला सहा मिनिटं ऐका. मग काय ते करा."

सभेच्या दिवशी तिने मला दुपारी एकलाच चालू केलं. दोनला सूर लावले. मी शपथेवर सांगतो, इतका सुरात मी आयुष्यात नव्हतो. तीनला मंडळी जमली, अहवाल वाचले गेले, झिल्केने आणलेला सफरचंदाचा केक संपला. माझी पाळी आली आणि एकहार्ट उठला.

"एकोणीस माणसं दीड तास बसली आहेत, हवा कोंदली आहे. पाच मिनिटं मोकळी हवा घेऊ," म्हणत त्याने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

त्यात त्याचं काहीच कपट नव्हतं. इथे घरोघरी, कचेरीत, शाळेत, भर हिवाळ्यातही माणसं अशीच खिडक्या उघडतात, आणि न उघडणाऱ्याला गबाळा समजतात. गुंडुला तेव्हा हात धुवायला गेली होती. बाहेर शून्याखाली सहा! वारा थेट माझ्या उघड्या पाठीत शिरला.

ती आली, बसली, पहिला सूर दाबला. अरे देवा! तीन मांजरं एकाच पोत्यात भरावीत तसा मी ओरडलो. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाहिलंत? मी हेच सांगत होतो," एकहार्ट म्हणाला.

"खिडकी कुणी उघडली मग?" झिल्के कडाडली. "पेशंटला बर्फात झोपवायचं आणि वर म्हणायचं, बघा, शिंकतोय!"

"हवा खेळती ठेवणं आरोग्याला आवश्यक आहे!"

"एकहार्ट, खिडकी लाव," गुंडुला म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"फ्राऊ ओस्टरकाम्प, तुमची वेळ—" मंडळात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. हा 'फ्राऊ', म्हणजे 'श्रीमती', आणि 'तुम्ही' म्हणू लागला की समजायचं, अध्यक्षपद अंगात आलं.

"खिडकी लाव. आणि कुणी उठायचं नाही. मी सहा मिनिटं मागितली होती, ती अजून सुरू झालेली नाहीत."

तिने अंगातला लोकरीचा स्वेटर काढून माझ्या पाठीवर टाकला. मग कमी ऐकू येतं म्हणून लावलेली कानातली दोन्ही यंत्रं काढली आणि केकच्या बशीत ठेवली. सगळे चपापले. त्या यंत्रांतून माझा आवाज तिला फाटका ऐकू येतो, आणि त्यांच्याशिवाय जवळजवळ येतच नाही, हे मला माहीत होतं. इतके दिवस ती मला कशी लावते तेही मलाच माहीत होतं. तिने डावा तळहात माझ्या लाकडी कुशीवर पसरला आणि उजव्या हाताने बटण फिरवायला लागली. हेलकावे लाकडात उतरतात ना! धडधड-धडधड, मग धड... धड..., मग संथ. एक जुळला. दुसरा जुळला. पहिला पुन्हा सुटला, कारण मी तापत होतो. तिने त्याला पुन्हा ओढून आणलं.

अकरा मिनिटं गेली. कपाळावर घाम होता, ओठ घट्ट मिटलेले. मीही जिवाच्या आकांताने सूर धरून ठेवत होतो. मग तिने मान वर केली आणि वाजवायला सुरुवात केली. एक हात पट्ट्यांवर, दुसरा सतत बटणावर, मी जसा घसरेन तसं सावरत. सहा मिनिटांत ती एकदाही थांबली नाही. एका जागी मी किंचित डगमगलो, तेवढंच.

मतं घेतली. काचेच्या बाजूने नऊ हात, माझ्या बाजूने नऊ. उरलं अध्यक्षाचं मत.

एकहार्ट टेबलाला वळसा घालून गुंडुलासमोर आला आणि काहीतरी बोलला. तिला ऐकू आलं नाही. तिने मला दोन्ही हातांनी धरलं.

"नाही देणार!" ती ओरडली. "गाडी आणलीत तरी नाही! मलाही त्याच काचेत बसवा, सांगून ठेवते!"

"अगं बाई, तो काय म्हणतोय ते तरी—" ऊवे तिला खुणा करू लागला.

एकहार्टने सभेची वही घेतली, उभ्या-उभ्या लिहिलं आणि तिच्या डोळ्यांपुढे धरलं. मीही वाचलं. 'यंत्र इथेच राहील. पण तुझ्यामागे याला लावणार कोण? मला शिकव.'

तिने ते दोनदा वाचलं. मग त्याचं मनगट धरलं आणि त्याचा तळहात माझ्या कुशीवर दाबून बसवला. त्या गार, मोजमापाच्या हाताला माझी धडधड लागली आणि अध्यक्षमहाशयांचे डोळे भरून आले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंवरची धूळ कुणीही पुसेल. पण आम्हाला चालवणारी माणसंही म्हातारी होतात हो! तुमच्या घरी असं काही जुनं असेल, तर त्याला कपाटात मानाने बसवू नका. ज्याला ते चालवता येतं, त्याच्याजवळ आजच जाऊन बसा आणि म्हणा, मला शिकव. एकहार्ट आता दर गुरुवारी चारला येतो, आणि अजून मला धड लावत नाही. गुंडुला त्याचा हात झटकून टाकते आणि म्हणते, "चुकलं. पुन्हा."

मी तर कितीही वेळा बेसूर व्हायला तयार आहे.