सात हिश्श्यांच्या पिशव्या

पिशव्या निवडायचं काम अंगावर आलं तेव्हा सुफियानला तो पोरखेळ वाटला होता. रियाधमधल्या अल सुलै भागातल्या गोदामांमागे एका खोलीत राहणाऱ्या सात कोकणी गड्यांनी बकरीदला मिळून एक उंट धरला होता. उंटात सात हिस्से चालतात. गेल्या वर्षी त्यांनी मांस काळ्या प्लास्टिकमधून आणलं आणि तिथल्या उन्हात खोलीपर्यंत येईस्तोवर त्याला वास सुटला. शेजारच्या यार्डातल्या मजुरांचा वाटा फेकावा लागला. कुर्बानीचं मांस कचऱ्यात! म्हणून यंदा खोलीतल्या वडीलधाऱ्या वहाबभाईंनी बजावलं होतं, "पिशवी स्वस्त बघ, पण मांस टिकलं पायजे."

शिकारीचं सामान विकणाऱ्या दुकानात मोठ्या जनावराच्या मांसासाठी खास पिशव्या होत्या, हवा खेळती ठेवणाऱ्या. किंमत ऐकून सुफियानला वाटलं, आत हरीण भरूनच देतात की काय. कांद्याच्या जाळीतून हवा जाते, पण माशाही जातात. गोणपाटाची तुसं मांसाला चिकटतात. एक म्हणे जाड घे, दुसरा म्हणे पातळ घे, आणि याचं डोकं पार चक्रावून गेलं. शेवटी त्याने गावी बायकोला, सुरैयाला फोन लावला.

"मांजरपाट आणा नि शिवा," ती म्हणाली. "एवढं काय त्यात?"

सोफ्यांची कव्हरं शिवून पोट भरणाऱ्या माणसाला हे सुचू नये! पण तोवर ईद उद्यावर आली होती आणि कापडाची घाऊक दुकानं बंद झाली होती. कात्री शोधायला त्याने कपाट उघडलं, तर वहाबभाईंच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पांढरं सुती कापड. भाईंनीच आणून ठेवलं, असं समजून त्याने ते कापलं आणि कारखान्यातल्या मशीनवर पिशव्या शिवल्या.

ईदला मांस कोरडं, स्वच्छ घरी आलं. मजुरांचा वाटाही वेळेत पोचला. जो तो सुफियानच्या पाठीवर थाप मारत होता. मग वहाबभाई सुट्टीवर गावी जायची बॅग भरू लागले.

"इथला कपडा कुठं गेला रे?"

सुफियानने दोरीवर वाळत घातलेल्या पिशव्यांकडे बोट केलं. वहाबभाई खाटेवर बसलेच.

"मक्केहून आब-ए-जमजमच्या पाण्यात भिजवून आणला होता. अम्माच्या कफनाचा."

भिजवून वाळवलेलं कोरं कापड पाहून सुफियानला कळायला हवं होतं. त्याच्या आजीनेही आपल्या कफनासाठी असंच एक जिवंतपणीच मागवून ट्रंकेत जपून ठेवलं होतं. तो गयावया करू लागला, "भाई, मी मक्केला जातो, दुसरा आणतो." वहाबभाई रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते आणि मिशीखाली हसू होतं. याचा अर्थ काय लावावा? एक थोबाडीत बसली असती तर सुफियानला बरं वाटलं असतं.

"नको आणू," ते म्हणाले. "तीन वर्षं मी तिला 'आणायचं विसरलो' म्हणून सांगतोय. आपल्या हातानं आईचं कफन कोण नेणार? यंदा तिनं कसम घातली, म्हणून आणला."

तेवढ्यात गावाहून त्यांच्या आईचा, खतीजाअम्मांचा, ईदचा फोन आला. वहाबभाईंनी तो सरळ सुफियानच्या हातात दिला. अडखळत, रडवेल्या आवाजात त्याने सगळं सांगून टाकलं.

"मांस नासलं नाय ना?" अम्मांनी विचारलं.

"नाय, अम्मा."

"गरिबांच्या मुखात गेलं?"

"गेलं."

"मग कपडा कामी आला, बाबा. रडतोस कशाला?" अम्मा हसल्या. "वहाबला सांग, आता पुढल्या सुट्टीला आण. तवर मला थांबायला लागंल."

वहाबभाई खाटेवरूनच मोठ्याने म्हणाले, "पुढल्या सुट्टीलाही मी विसरणार हाय!"